घरात राहून काम करणाऱ्या मुलींचा पगार, सुटी आणि मान



आपल्या कामाला हातभार लावणाऱ्या कुटुंबांकडून एक विचारणा नेहमी येते : मेळघाटातली एखादी चांगली मुलगी घरकामाला मिळेल का? घरातच राहील, घरच्यासारखी ठेवू. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. घरात आई अंथरुणाला खिळलेली असते, किंवा नवरा-बायको दोघे नोकरीला आणि बाळ लहान. तिकडे मुलीच्या घरीही पैशाची नड असते. त्यामुळे दोन्हीकडची सोय झाली असे वाटते आणि पुढचे काही ठरवायचे राहून जाते. पगार किती, सुटी कधी, झोपायचे कुठे, आजारी पडली तर काय, हे प्रश्न "घरच्यासारखी" या एका शब्दाखाली झाकले जातात. ते प्रश्न उघड करून, प्रत्येकाचे रीतसर उत्तर काय असावे ते या लेखात मांडले आहे.

गावातून शहरात

अमरावती जिल्ह्याचे धारणी आणि चिखलदरा हे तालुके म्हणजे मेळघाट. इथे मुख्यतः कोरकू समाज राहतो. व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली काही गावे आता अकोला जिल्ह्यात, अकोट आणि तेल्हारा भागात वसली आहेत. शेती बहुतेक पावसावरची. दिवाळीच्या सुमारास हातातले काम संपले की कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी संत्र्याच्या बागेत, कोणी परतवाडा, अमरावती, अकोल्याच्या बांधकामांवर. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या वेळी माणूस कुठेही असो, गावाकडे परततो.

वीटभट्टीवर जाणारे टोळीने जातात. मुकादमाने पैसे बुडवले तर दहा जण मिळून बोलू शकतात. घरकामाला गेलेली मुलगी मात्र एकटी असते. तिची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली भाषा आहे, संथाली आणि मुंडारीच्या नात्यातली. मराठीशी तिचे नाते नाही. सुरुवातीचे काही महिने तिला "माझा पगार बाकी आहे" हेही नीट सांगता येत नाही.

शहरातल्या घरकामगार बायकांनी आपले हक्क मिळवले ते एकत्र येऊन. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी काम बंद ठेवले आणि त्यातूनच मोलकरणींची संघटना उभी राहिली. १९८५ साली सिस्टर जीन डेव्होस या बेल्जियन धर्मभगिनीने घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. चार घरची कामे करणाऱ्या बायका रस्त्यात, नळावर, बसमध्ये एकमेकींना भेटतात. कुणाला किती मिळते ते त्यांना कळते. घरात राहणाऱ्या मुलीला हे कळायला मार्गच नसतो. म्हणून तिच्या बाबतीत न्यायाने वागण्याची जबाबदारी बहुतांशी त्या घरावरच येऊन पडते.

'घरच्यासारखी' म्हणजे नेमके काय?

युरोपात तरुण मुली परक्या देशातल्या कुटुंबात राहतात, मुले सांभाळतात, थोडे घरकाम करतात आणि तिथली भाषा शिकतात. या पद्धतीला 'ओ पेअर' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'बरोबरीच्या नात्याने'. म्हणजे तिथेही कल्पना हीच, की मुलगी घरच्यासारखी राहील. पण तिथल्या देशांनी हा शब्द मोघम ठेवला नाही. १९६९ साली युरोप परिषदेने याविषयी एक करार तयार केला. त्यानुसार मुलीचे वय १७ ते ३० असावे. लेखी करारनामा असावा. काम दिवसाला साधारणपणे ५ तासांहून जास्त नसावे. आठवड्यात एक पूर्ण दिवस मोकळा असावा आणि महिन्यातला निदान एक रविवार त्यात यावा. शक्य असेल तर स्वतंत्र खोली असावी. भाषा शिकायला आणि उपासनेला जायला वेळ मिळावा. राहणे-जेवण तर आहेच, त्याशिवाय ठरलेली रक्कम हातात मिळावी.

आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. आपल्याकडे येणारी मुलगी भाषा शिकायला येत नाही, ती कमवायला येते, आणि ५ तास नव्हे तर पूर्ण दिवस राबते. मग तिच्या बाबतीत पगार, वेळ आणि सुटी हे तर अधिकच स्पष्ट ठरायला हवे.

आपल्या वऱ्हाडातलाच दाखला घ्या. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. पैसे किती, धान्य किती, उचल किती, हे चार माणसांसमोर बोलून पक्के होते. शेतातल्या गड्याचे सगळे ठरते आणि घरातल्या मुलीचे काहीच ठरत नाही, हे कसे?

हिशेब मांडून पाहू

समजा, मुलगी पहाटे साडेपाचला उठते आणि रात्री दहाला तिचे काम संपते. मधले जेवण, आंघोळ, दुपारची विश्रांती असे साडेचार तास वजा केले तरी १२ तास काम झाले. सुटी नसेल तर महिन्याचे ३६० तास. तिला महिना ५,००० रुपये मिळत असतील, तर तासाला १४ रुपयेही पडत नाहीत.

आता आपल्याच घरी भांडी-फरशीला येणाऱ्या बाईंचा हिशेब करा. समजा, त्या रोज दीड तास काम करून महिन्याला २,००० रुपये घेतात. महिन्याचे ४५ तास होतात, म्हणजे तासाला सुमारे ४४ रुपये. आकडे प्रत्येक वस्तीत वेगळे असतील, पण भागाकार करून पाहा. एकाच घरात, एकाच फरशीसाठी दोन दर निघतात, आणि कमी दर त्या मुलीचा असतो जिला आपण घरची म्हणतो.

दुसरे माप रोजगार हमीचे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठवड्याची एक सुटी धरून २६ दिवसांचे ७,७२२ रुपये होतात. मुलगी गावात राहून माती उचलती तर एका दिवसाला हा दर होता. तेव्हा शहरात आपल्या घरी दिवसाला आठ तास काम करणाऱ्या मुलीला याहून कमी देणे कोणत्याही हिशेबाने बसत नाही. आठ तासांवरचे काम आणि रात्री आजाऱ्यासाठी किंवा बाळासाठी उठणे याचे पैसे वेगळे धरावेत. मजुरीचे दर वाढत जातात, त्यामुळे दर वर्षी पगारही नव्याने ठरवावा.

"पण जेवण, कपडे, राहणे आमच्याकडेच आहे ना?" हा प्रश्न लगेच येतो. मुलगी आपल्या घरी राहते ती बहुधा आपल्या सोयीसाठी. रात्री आईला पाणी द्यायला, सकाळी डबे करायला कोणी तरी हवे असते. कामाच्या जागी थांबवून घेतल्याचे भाडे कामगाराकडून घेत नाहीत. आपण दिलेले जुने कपडे आणि सणाची साडी ही भेट आहे, ती पगारातून कापता येत नाही.

कायदा काय सांगतो

पहिली गोष्ट वयाची. १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यांना कोणत्याही कामावर ठेवणे गुन्हा ठरले. त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शाळा सांभाळून स्वतःच्या कुटुंबाला मदत करण्याची मुभा कायद्यात आहे, पण कुटुंब म्हणजे आई-वडील, भावंडे आणि आई-वडिलांची भावंडे. "घरच्यासारखी" ठेवलेली मुलगी या व्याख्येत बसत नाही. १४ ते १८ या वयातल्या मुलीला बांधून ठेवून राबवले किंवा तिची कमाई अडवून ठेवली, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. आमचे मत याहून सोपे आहे : १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मुलीला घरकामाला ठेवूच नये. तोवर तिची जागा शाळेत आहे. आश्रमशाळा आहेत, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, आणि त्यांची माहिती धारणी व अकोला इथल्या प्रकल्प कार्यालयांत मिळते.

दुसरी गोष्ट उचलीची. बापाला दहा हजार उचल दिली आणि ती फिटेपर्यंत मुलीने राबायचे, मधे घरी जायचे नाही, असा व्यवहार १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बेकायदा आहे. अशा कर्जाची वसुलीही करता येत नाही. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीकडून वेठबिगारी करून घेतली तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. घरकामगार महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुलीला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावणे हा तर सरळ गुन्हा आहे, मग कारण "तिच्याच काळजीपोटी" असे का असेना.

चौथी गोष्ट नोंदणीची. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना नाव नोंदवता येते. वयाचा पुरावा, फोटो आणि ज्या घरी काम करते त्या घराचा दाखला लागतो. प्रसूतीसाठी मदत, मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी मदत अशा योजना मंडळाकडे आहेत. रकमा मोठ्या नाहीत, पण करोनाच्या काळात, २०२१ साली, राज्य सरकारने घरकामगारांना १,५०० रुपये दिले ते फक्त नोंदणी असलेल्यांनाच. दाखल्यावर आपली सही लागते, आणि घरात राहणाऱ्या मुलीची नोंदणी बहुधा त्या एका सहीपाशीच अडते.

महाराष्ट्रात घरकामासाठी किमान वेतनाचा स्वतंत्र दर नाही. कर्नाटकाने २००४ मध्ये आणि केरळने २००५ मध्ये तो ठरवला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ मंजूर केला. आठवड्याला सलग २४ तास विश्रांती, ओळखपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आणि सुटीच्या वेळी घराबाहेर जाण्याची मोकळीक, ही त्यातली कलमे आहेत. भारताने बाजूने मत दिले, पण करार अजून स्वीकारलेला नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका घरकामगार महिलेशी संबंधित खटल्यात, घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी हे पाहण्यास समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. कायदा होईल तेव्हा होईल, आपल्या घरातला नियम मात्र आजही ठरवता येतो.

पवित्र शास्त्राची शिकवण

मजुराच्या वेतनाविषयी पवित्र शास्त्र अगदी नेमके बोलते. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभरही स्वतःजवळ ठेवण्यास मनाई आहे. अनुवाद २४:१४-१५ मध्ये हीच आज्ञा परक्या मजुरालाही लागू केली आहे, कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला असतो. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरीच परमेश्वरापर्यंत आक्रोश करते. कलस्सै ४:१ मध्ये धन्यांना आठवण दिली आहे की त्यांचाही एक धनी स्वर्गात आहे.

शब्बाथाची आज्ञा आपल्याला पाठ आहे. अनुवाद ५:१४ मध्ये तिचे कारण दिले आहे, ते मात्र आपण पटकन विसरतो. दासाला आणि दासीलाही आपल्यासारखाच विसावा मिळावा, म्हणून तो दिवस. आपण सगळे रविवारी उपासनेला जातो आणि परत येऊन जेवायला बसतो, तेव्हा ते जेवण कोणी केले, हे प्रत्येक घराने पाहावे.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलीला उपासनेला यायचे असेल तर तिला आनंदाने आणावे. यायचे नसेल तर तो वेळ तिचा आहे. सुटी, पगार आणि मान या गोष्टी तिच्या कामाच्या बदल्यात आहेत, त्या तिच्या श्रद्धेवर अवलंबून नाहीत. होळीला तिला तिच्या गावी जाऊ द्यावे, पगारी रजा देऊन.

एक साधी वही

दोनशे पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर पुढील गोष्टी लिहाव्यात आणि कोरकू व मराठी दोन्ही जाणणाऱ्या माणसाकडून मुलीला व तिच्या आई-वडिलांना समजावून सांगाव्यात. दोन्हीकडच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत आणि एक प्रत गावी द्यावी.

१. मुलीचे नाव, गाव, जन्मतारीख, घरच्यांचा फोन.
२. कामे कोणती आणि कोणती नाहीत. आजाऱ्याची शुश्रूषा, बाळाचे काम, जनावरांचे काम असेल तर स्पष्ट लिहावे.
३. कामाची वेळ, दुपारची विश्रांती, रात्रीची सलग झोप.
४. पगार, पगाराची तारीख, वर्षाने होणारी वाढ. पगार तिच्या स्वतःच्या बँक खात्यात, आणि पासबुक तिच्याजवळ.
५. आठवड्याची सुटी कोणत्या दिवशी. वर्षाची पगारी रजा किती, त्यात होळी असावीच.
६. झोपायची जागा. आतून कडी लागेल अशी. स्वयंपाकघरातली फरशी किंवा व्हरांडा ही झोपायची जागा नव्हे.
७. आजारपणाचा खर्च कोणाचा. काम करताना इजा झाली तर तो घराचाच.
८. आधार कार्ड आणि मोबाइल तिच्याच ताब्यात. घरी फोन करण्याची मोकळीक.
९. काम सोडायचे किंवा बंद करायचे झाल्यास किती दिवस आधी सांगायचे, आणि गावापर्यंतचे भाडे कोण देणार.

पुढच्या पानांवर महिन्यागणिक पगार, रजा आणि उचल यांची नोंद ठेवावी. उचल दिली असेल तर किती महिन्यांत, किती हप्त्याने वळती होणार तेही लिहावे. काम सोडताना उचल बाकी राहिली म्हणून मुलीला अडवता येत नाही.

नेहमीचे काही प्रश्न

"खात्यावर टाकले तर तिला काढता येत नाही." पहिल्या दोन-तीन वेळा बरोबर जाऊन शिकवावे. "आम्ही सांभाळून ठेवतो, लग्नाच्या वेळी एकदम देऊ" हा मार्ग चांगल्या मनाने धरलेला असला तरी धोक्याचा आहे. चार वर्षांनी कोणाच्याच लक्षात नेमका आकडा राहत नाही, आणि भांडणात नेहमी मुलगीच खोटी ठरते.

"बाप येऊन पैसे नेतो आणि उडवतो." मुलगी सज्ञान आहे. तिच्या संमतीशिवाय तिचा पगार दुसऱ्याच्या हाती देऊ नये. घरी किती पाठवायचे हे ती ठरवील.

"एवढा पगार आम्हाला परवडत नाही." हे खरे असू शकते. मग तास कमी करावेत, सकाळपुरती बाई लावावी, किंवा दोन शेजाऱ्यांनी मिळून एकीला काम द्यावे. आपल्याला परवडत नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकीने स्वस्तात राबावे, असे म्हणता येत नाही.

"एखादी वस्तू हरवली तर?" आधी घरात शोधावी. तिची पेटी तिच्या परवानगीशिवाय उघडू नये, मारहाण किंवा धमकी तर नाहीच. संशय आला म्हणून झालेल्या कामाचा पगार अडवता येत नाही.

अडचण दिसली तर

शेजारच्या घरात लहान मुलगी कामाला दिसली, किंवा एखादी मुलगी कधीच बाहेर येत नाही असे वाटले, तर गप्प बसू नये. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. पगार बुडवल्याची तक्रार आणि मंडळाची नोंदणी यांसाठी जिल्ह्याच्या सरकारी कामगार कार्यालयात जावे. मुलगी कोरकूच बोलत असेल तर आमच्या कार्यकर्त्या सोबत येतील.

होळी तोंडावर आहे आणि त्यामागोमाग गुढीपाडवा. ज्या घरी अशी मुलगी आहे, त्यांनी होळीआधी मागची बाकी चुकती करून तिला रजेवर पाठवावे आणि ती परतली की पाडव्याला नवी वही घालावी. वहीच्या पहिल्या पानाचा छापील नमुना आमच्या कार्यालयात मोफत मिळेल. मंडळीतल्या बहिणींच्या सभेत तो वाचून दाखवायचा असेल तर कळवा, आम्ही येऊ. आणि प्रार्थनेत अशा प्रत्येक मुलीचे नाव घ्या, जी आज कोणाच्या तरी घरात शेवटचे भांडे घासून, सगळे झोपल्यावर झोपणार आहे.